मानसोपचाराची किंमत आणि एका दिवसाची मजुरी : बुटीबोरीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना मानसोपचार परवडावा यासाठी नागपूर परिसरात व महाराष्ट्रात गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत जे प्रयत्न झाले, त्यांचा आढावा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे. या काळात उपचाराचे शुल्क क्रमाक्रमाने कमी होत गेले. मात्र रुग्णाला मोजावी लागणारी किंमत नाहीशी झाली नाही, तिचे स्वरूप बदलले. प्रथम ती स्वातंत्र्याच्या रूपाने द्यावी लागली आणि पुढे बुडालेल्या मजुरीच्या रूपाने. बुटीबोरीसारख्या औद्योगिक गावात हा प्रश्न आज कोणत्या स्वरूपात उभा आहे, याचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मानसोपचार, समुपदेशन, प्रादेशिक मनोरुग्णालय, कामगार विमा, बुटीबोरी.

प्रस्तावना

नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर, वर्धा मार्गावर बुटीबोरी हे गाव आहे. हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आणि वर्धा-यवतमाळकडे जाणारा महामार्ग येथेच वेगळे होतात. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या पंचतारांकित वसाहतीमुळे मूळच्या शेतीप्रधान गावाचे कामगारवस्तीत रूपांतर झाले. कायम नोकरीतले थोडे, कंत्राटी व रोजंदारीवरचे अधिक, असे येथील श्रमिकांचे सर्वसाधारण चित्र आहे. पाळ्यांची कामे, भाड्याच्या खोल्या, कुटुंबापासूनचा दुरावा आणि कामाची अनिश्चितता यांतून निर्माण होणारा मानसिक ताण हा अशा वस्त्यांचा स्थायी भाव असतो.

हा ताण किती घातक ठरू शकतो, याची कल्पना राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीवरून येते. २०२१ मध्ये देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी ४२,००४ व्यक्ती, म्हणजे दर चारांमागे एकाहून अधिक, रोजंदारीवर काम करणाऱ्या होत्या. शेतकरी व शेतमजूर यांच्या १०,८८१ आत्महत्या या संख्येत समाविष्ट नाहीत. विदर्भाच्या संदर्भात शेतकरी आत्महत्यांची चर्चा पुष्कळ झाली आणि ती व्हावयासच हवी होती. परंतु मजुराच्या मनाची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

नागपूर परिसरातील मानसोपचार सेवांचा ऐतिहासिक विकास पाहणे, त्या सेवा अल्प उत्पन्न गटाला प्रत्यक्षात कितपत परवडल्या याचे परीक्षण करणे, आणि बुटीबोरीच्या परिस्थितीला त्यातून काय बोध घेता येईल हे मांडणे, ही प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, शासकीय अहवाल व प्रकाशित संशोधन या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. येथे ‘मानसोपचार’ ही संज्ञा औषधोपचारापुरती मर्यादित नाही. प्रशिक्षित व्यक्तीने रुग्णाशी ठरावीक बैठकांतून केलेला उपचारात्मक संवाद तीत मुख्यत्वे अभिप्रेत आहे.

१. मोफत, परंतु बंदिस्त

नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि १८६४ मध्ये नागपुरात वेड्यांचे इस्पितळ स्थापन झाले. आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. पुणे, ठाणे व रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांसह राज्यातील चार प्रमुख शासकीय मनोरुग्णालयांत त्याची गणना होते. त्याच्या स्थापनेमागे १८५८ च्या कायद्याची चौकट होती. पुढे १९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्याने तीच चौकट अधिक नेमकी केली. रुग्णाला दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने दाखल करावयाचे, निर्धन असल्यास त्याचा खर्च सरकारने सोसावयाचा आणि मालमत्ता असल्यास तो तिच्यातून वसूल करावयाचा, अशी ती व्यवस्था होती.

याचा अर्थ असा की, गरिबासाठी मोफत व्यवस्था करण्याचे तत्त्व या प्रदेशात एकोणिसाव्या शतकातच मान्य झाले होते. परंतु ही सेवा उपचाराची कमी आणि बंदोबस्ताची अधिक होती. तिच्यासाठी रुग्णाला पैसे मोजावे लागत नसत. स्वातंत्र्य मात्र गमवावे लागे. शिवाय जो कामधंदा करू शकतो, परंतु आतून खचलेला आहे, अशा माणसासाठी तिच्यात जागाच नव्हती. लोकस्मृतीतही या संस्थेची हीच प्रतिमा टिकून राहिली. मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला नागपूरकर आजही ‘पागलखाना चौक’ म्हणतात. ज्या चौकात उतरण्याचीच लाज वाटावी, तेथील उपचार मोफत असूनही महाग ठरतो.

१९४६ मध्ये सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालाने या व्यवस्थेचा अपुरेपणा आकड्यांत मांडला. इंग्लंडमध्ये सुमारे ३०० लोकांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट होती, तर भारतात सुमारे ४०,००० लोकांमागे एक. मोफत असलेली सेवाही बहुसंख्यांच्या वाट्याला येणे शक्य नव्हते, हे यावरून स्पष्ट होते.

२. बाह्यरुग्ण विभाग : गोळी आली, संवाद राहिला

याच सुमारास युरोपात निराळा विचार सुरू झाला होता. सप्टेंबर १९१८ मध्ये बुडापेस्ट येथील परिषदेत सिग्मंड फ्रॉइड यांनी असे प्रतिपादन केले की, गरिबाला शस्त्रक्रियेवर जितका हक्क आहे तितकाच मनाच्या उपचारावरही आहे आणि कधीतरी समाजाला तो मान्य करावा लागेल. मोठ्या समुदायाला उपचार द्यावयाचा तर मनोविश्लेषणाच्या शुद्ध सोन्यात अन्य पद्धतींचे तांबे मिसळावे लागेल, असेही त्यांनी सुचविले होते. त्यानंतर बर्लिन येथे १९२० मध्ये आणि व्हिएन्ना येथे १९२२ मध्ये विनामूल्य वा अल्प शुल्कात मनोविश्लेषण करणारी केंद्रे उघडली. भारतात १९२२ मध्येच गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना केली.

सर्वसाधारण रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग ही कल्पना १९३३ मध्ये कलकत्त्यात व १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्रत्यक्षात आली. मुंबईतील समाजकार्य शिक्षणसंस्थेने, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले होते. मुंबई महानगरपालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० व १९७० च्या दशकांत पतंजलीच्या योगविचारावर आधारलेली उपचारपद्धती बाह्यरुग्णांवर वापरून तिचे परिणाम अभ्यासले. महापालिकेच्या रुग्णालयात येणाऱ्या सामान्य माणसाला गोळीखेरीज आणखी काही देता येईल काय, याचा तो एक गंभीर प्रयत्न होता. पुढे १९८६ मध्ये येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तींनाच तेथे उपचारकार्यात स्थान मिळाले. १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली.

शासकीय पातळीवर १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ पासूनचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हे महत्त्वाचे टप्पे होत. मानसिक आजाराचे निदान व औषध प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचविणे हा त्यांचा गाभा होता आणि तो योग्यच होता. तथापि, या काळात एक असमतोल निर्माण झाला. औषध स्वस्त झाले, अनेक ठिकाणी मोफत झाले. संवाद मात्र महानगरांत, खाजगी कक्षांत आणि तासाच्या दराने राहिला. औषधाची चिठ्ठी काही मिनिटांत लिहिता येते, बैठकीला पाऊण तास लागतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात मनोविकारतज्ज्ञाकडे नेमका तोच वेळ नसतो. २०१९ मध्ये प्रकाशित झालेल्या एका अंदाजानुसार भारतात दर लाख लोकसंख्येमागे केवळ ०.७५ मनोविकारतज्ज्ञ होते. हे मनुष्यबळ लक्षात घेता तज्ज्ञांच्याच हातून सर्वांना संवादोपचार मिळेल, ही अपेक्षा व्यवहार्य नव्हती.

३. गिरणीपासून औद्योगिक वसाहतीपर्यंत

नागपूर परिसरातील श्रमिकांच्या आरोग्याचा इतिहास मनोरुग्णालयापेक्षा निराळ्या वाटेने घडला. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. कामगार कल्याणाच्या योजनांबद्दल तिचा आवर्जून उल्लेख केला जातो. १९४८ च्या कायद्यातून आकारास आलेली कर्मचारी राज्य विमा योजना नागपुरात १९५४ मध्ये लागू झाली. गिरणी कामगाराला कामगार विम्याचा दवाखाना, आजारपणाची भरपाई आणि कायम नोकरीचे संरक्षण, अशी तिहेरी ढाल त्यातून मिळाली. २००२ मध्ये एम्प्रेस मिल बंद झाली, तोवर जिल्ह्यातील उद्योगांचे केंद्र हिंगणा व बुटीबोरीच्या वसाहतींकडे सरकले होते.

कामगार विमा योजनेने मानसिक आजार अगदीच दुर्लक्षिला असे नाही. दीर्घकालीन आजारांसाठी असलेल्या विस्तारित आजारपण लाभाच्या यादीत छिन्नमनस्कता, तीव्र स्वरूपाचे नैराश्य यांसारख्या मनोविकारांचा समावेश असून पात्र विमाधारकाला वेतनाच्या ८० टक्के दराने कमाल दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. योजनेच्या वेतनमर्यादेत जानेवारी २०१७ मध्ये वाढ होऊन ती २१,००० रुपये झाली. परंतु या लाभाची रचना ‘काम करण्यास असमर्थ’ या कल्पनेवर उभी आहे. जो रोज पाळीवर जातो, रात्री झोपत नाही, दारूकडे वळला आहे, परंतु अद्याप कोसळलेला नाही, त्याला असमर्थतेचे प्रमाणपत्र मिळत नाही. आठवड्यातून एकदा पाऊण तास बोलता येणे ही त्याची गरज असते आणि त्या पाऊण तासाची भरपाई या रचनेत बसत नाही.

परवडण्याचा प्रश्न याच वर्धा मार्गावर अन्यत्र कसा सोडविला गेला, हेही पाहण्यासारखे आहे. सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयाने परिसरातील खेड्यांसाठी आरोग्य विम्याची जी योजना राबविली, तीत शेतकरी व मजूर ज्वारीच्या रूपाने, ऐपतीप्रमाणे वर्गणी देत असत. मानसोपचारासाठी ती योजना नव्हती. परंतु सेवेची किंमत लोकांच्या जगण्यातील एककात मोजावी, हे तत्त्व तीत होते. शेतकऱ्याचे एकक ज्वारी होते, तर कंत्राटी कामगाराचे एकक ‘दिवस’ आहे.

४. समुपदेशक दाराशी

परवडण्याच्या प्रश्नाला खरे वळण मिळाले ते तज्ज्ञाऐवजी प्रशिक्षित सामान्य व्यक्तीने समुपदेशन करण्याच्या प्रयोगांतून. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने या दिशेने पद्धतशीर संशोधन केले. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. व्यावसायिक पात्रता नसलेल्या, परंतु प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णाला त्याने सोडून दिलेल्या कामांकडे व माणसांकडे टप्प्याटप्प्याने परत आणले. बैठका आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी होत. तीन महिन्यांनंतर या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते; सुधारित नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

विदर्भाच्या दृष्टीने अधिक जवळचा प्रयोग म्हणजे ‘विश्राम’ हा कार्यक्रम होय. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावपातळीवरील कार्यकर्ते, समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी उभारण्यात आली. २०१७ मध्ये प्रकाशित निष्कर्षांनुसार, नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. या अभ्यासात तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता, ही त्याची मर्यादा लक्षात घ्यावयास हवी. तरीही वाढ सहापटीहून अधिक होती, हे नाकारता येत नाही. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने राबविलेल्या ‘आत्मीयता’ प्रकल्पात गावातील स्वयंसेवकांनी समुपदेशनासोबतच शासकीय योजनांचा लाभ मिळवून देण्यासही साहाय्य केले. दुःखाचे मूळ अनेकदा रेशनकार्डात किंवा थकलेल्या मजुरीत असते, हे ओळखणारा हा दृष्टिकोन विशेष उल्लेखनीय आहे.

राज्य शासनानेही २०१५ च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. मराठवाड्यातील आठ व पश्चिम विदर्भ आणि वर्धा मिळून सहा अशा चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्यांमार्फत नैराश्यग्रस्त व्यक्तींचा शोध घेण्याची योजना त्यात होती. या चौदांत नागपूर जिल्हा नव्हता. बुटीबोरीच्या कामगाराच्या वाट्याला दुहेरी वगळणूक आली : तो शेतकरी नव्हता आणि त्याचा जिल्हाही त्या यादीत नव्हता.

५. हक्काची भाषा

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम १८ ने सेवा परवडणारी, दर्जेदार, पुरेशी व भौगोलिकदृष्ट्या जवळची असावी, असा हक्क दिला. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याकडे तसे कार्ड असो वा नसो, शासकीय संस्थांत उपचार विनाशुल्क व कोणताही आर्थिक भार न पडता मिळावेत, असेही त्यात म्हटले आहे. विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही संरक्षण द्यावे, अशी तरतूद कलम २१ मध्ये आहे. मात्र प्रचलित आरोग्य विमा बहुतांशी रुग्णालयात दाखल होण्याशी निगडित असल्याने बैठकांचा खर्च सहसा त्याबाहेरच राहतो.

नागपुरात टाटा ट्रस्ट्स व राज्य शासन यांच्या सहकार्याने प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या सुधारणेचा ‘उडान’ उपक्रम हाती घेण्यात आला. मिहान परिसरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले आणि बुटीबोरीकरांना शहर न ओलांडता मोठे रुग्णालय उपलब्ध झाले. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही १४४१६ या क्रमांकावरील विनाशुल्क, चोवीस तास चालणारी सेवा सुरू झाली. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार सर्वांसाठी मोफत झाले. कागदावर पाहता, शुल्काचा प्रश्न येथे जवळजवळ संपतो.

६. बुटीबोरीचा हिशेब

तथापि, शुल्क संपले म्हणजे किंमत संपली असे होत नाही. प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरच्या उत्तर भागात, छिंदवाडा मार्गावर आहे, बुटीबोरी दक्षिणेस. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात वेळेवर पोहोचावयाचे, रांगेत थांबावयाचे आणि परतावयाचे, तर कामगाराचा संपूर्ण दिवस जातो. गोव्यातील पद्धतीप्रमाणे आठवड्याला एक याप्रमाणे आठ बैठका घ्यावयाच्या झाल्यास दोन महिन्यांत आठ दिवस बुडतात. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरल्यास दरमहा चार दिवसांची, म्हणजे सुमारे १५ टक्के मजुरी जाते. प्रवासखर्च वेगळा. सोबत घरातील कोणी आल्यास तिचीही मजुरी बुडते. शिवाय दर आठवड्याला खाडा करणाऱ्या कंत्राटी कामगाराला पुढील महिन्यात काम मिळेलच, याची शाश्वती नसते. कायद्यातील ‘कोणताही आर्थिक भार न पडता’ या शब्दांत ही बुडालेली मजुरी गणली जाते काय, हा या संदर्भातील मूलभूत प्रश्न होय.

आणखी एक बाब अशी की, अल्प उत्पन्न गट आणि दारिद्र्यरेषेखालील गट हे एकच नव्हेत. बुटीबोरीतील अनेक कामगार सवलतीच्या व्याख्येत बसण्याइतके गरीब नसतात आणि खाजगी समुपदेशकाचे शुल्क देण्याइतके सुस्थितही नसतात. मोफत व महाग यांच्यामधल्या या पट्ट्यासाठी आजवर स्वतंत्र विचार झालेला दिसत नाही. दूरध्वनी सेवेने अंतराचा व वेळेचा अडसर दूर केला, रात्रपाळीचा कामगारही तेथे संपर्क साधू शकतो. परंतु चार-सहा जणांच्या सामायिक खोलीत मन मोकळे करावयास एकांत कोठून आणावयाचा, हा प्रश्न उरतोच.

प्रशिक्षित सामान्य समुपदेशक म्हणजे गरिबांसाठी दुय्यम दर्जाचा उपचार, असा आक्षेप घेतला जातो. तो सहज बाजूला सारता येण्याजोगा नाही. गोव्यातील अनुभव असा की, बैठकांचे ध्वनिमुद्रण ऐकून समुपदेशकांनी एकमेकांच्या कामाचे मूल्यमापन केले आणि त्यामुळे दर्जा राखता आला. तीव्र मनोविकारासाठी तज्ज्ञाला पर्याय नाही, हेही खरे. म्हणजे देखरेख व पुढे पाठविण्याची साखळी असेल तरच हे तांबे सोन्यासोबत शोभते. केवळ स्वस्त म्हणून वापरल्यास ती फसवणूक ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. गावपातळीवरील हे काम बहुधा स्त्रियांवर, आणि अनेकदा मोबदल्यावर काम करणाऱ्या आशा कार्यकर्त्यांवर सोपविले जाते. एका अल्प उत्पन्न व्यक्तीची किंमत दुसऱ्या अल्प उत्पन्न व्यक्तीच्या अपुऱ्या वेतनातून वसूल होत असेल, तर तिला परवडणारी सेवा म्हणता येणार नाही.

निष्कर्ष

१८६४ पासूनच्या या प्रवासात शासनाने व समाजाने मानसोपचाराचे शुल्क सातत्याने कमी केले, ही निर्विवाद प्रगती होय. परंतु प्रत्येक टप्प्यावर गरिबाने काही ना काही मोजले. इस्पितळाच्या काळात स्वातंत्र्य दिले, बाह्यरुग्ण विभागाच्या काळात संवादाचा हक्क सोडला आणि आज तो दिवसाची मजुरी देतो. परवडण्याचे मोजमाप रुपयांतील शुल्कावरून न करता बुडालेल्या दिवसांवरून केल्यास बुटीबोरीसाठीचा मार्ग पुरेसा स्पष्ट होतो. वसाहतीतच, पाळी सुटण्याच्या वेळेला धरून चालणारे समुपदेशन केंद्र. योग्य वेतन व नियमित देखरेख असलेले स्थानिक, मराठी व हिंदी बोलणारे समुपदेशक. तीव्र रुग्णांसाठी मिहान व नागपूरशी निश्चित जोडणी. आणि कामगार विम्यात बैठकांसाठी सवेतन वेळेची तरतूद, एवढ्या गोष्टी त्यास पुरेशा आहेत. यांतील एकही गोष्ट अभूतपूर्व नाही. प्रत्येकीचा नमुना गोवा, अमरावती, पेठ किंवा सेवाग्राम येथे आढळतो. उणीव आहे ती कामगाराचा दिवस हेही धन आहे, हे मान्य करण्याची. ते मान्य होईपर्यंत मोफत मानसोपचार ही सुविधा त्याच्यापासून ३० किलोमीटर दूरच राहील.